सेकंदाचा दोनशेवा भाग

अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर कोल्हापूरची गुजरी. खाली काचेची दुकानं, वर अरुंद जिन्याच्या माड्या. दागिने विकले जातात खाली आणि घडतात वर. अशाच एका माडीवर दुपारच्या वेळी एक वयस्कर कारागीर चांदीच्या तारेची अंगठी जोडत बसले होते. निमुळत्या लोखंडी दांड्यावर तार गुंडाळलेली, माप बघून कापलेली, दोन्ही टोकं समोरासमोर आणलेली. समोर दुर्बिणीसारखं भिंग आणि बाजूला जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्यांनी अंगठी नुसत्या बोटांत धरली, तिचा सांधा एका सुईच्या टोकाला टेकवला. टक्. निळी ठिणगी उडाली आणि दोन टोकांची एक तार झाली.

ना भट्टी, ना फुंकणी, ना टाकणखार. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. ती वितळली होती त्यांच्या बोटांपासून सेंटिमीटरभर अंतरावर.

“मामा, चटका बसत नाही का?”

“बसंल कसा? तिला तापायला येळच देत न्हाई की.”

हे उत्तर मी घरी आणलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब मांडत गेलो तसं कळलं, की मामांनी उष्णतेचं अख्खं शास्त्र एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

अंगठीत किती चांदी?

तार एक मिलिमीटर जाडीची, अंगठीचा आतला व्यास १७ मिलिमीटर. म्हणजे तारेची लांबी सुमारे साडेछप्पन मिलिमीटर, आपल्या करंगळीएवढी. वजन ०.४७ ग्रॅम. तोळ्याच्या ९६ गुंजा या जुन्या मापाने जेमतेम चार गुंजा.

एवढ्याशा चांदीत अणू किती? २६ वर २० शून्यं. असा आकडा वाचून काहीच हाती लागत नाही, म्हणून तो माणसांवर वाटू. जगातल्या सगळ्या, म्हणजे ८०० कोटी माणसांनी झोप-जेवण सोडून सेकंदाला एक अणू मोजायला घेतला, तर चार गुंजांची ही अंगठी मोजून संपायला दहा हजार वर्षं लागतील.

आता सांध्याकडे या. एक मिलिमीटर जाडीच्या तारेत या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ३५ लाख अणू शेजारी शेजारी बसलेले असतात. कापलेली दोन टोकं कानशीने घासून, दाबून जुळवली तरी मध्ये फट राहतेच. ती केसाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे डोळ्याला न दिसणारी असली, तरी तिच्यात चोवीस हजार अणू ओळीने मावतील. धातूचा अणू दुसऱ्या अणूला धरतो तो अगदी खेटून बसल्यावरच. चोवीस हजार घरं पलीकडच्या शेजाऱ्याशी त्याचं काही देणं-घेणं नसतं. म्हणून धातू वितळवायचा. वितळला की अणू जागा सोडून वाहतात, फट भरते आणि थिजताना कोण कुठल्या टोकाचा होता याची खूण उरत नाही.

जुन्या बायकांच्या बोटांत तारेचे दोन-तीन वेढे दिलेली वेढणी असायची. तिला सांधाच नसे, त्यामुळे हा प्रश्नही नसे. पण एकेरी तारेचं वळं हवं असेल, तर ही चोवीस हजार अणूंची दरी बुजवल्याशिवाय सुटका नाही.

झाळ आणि तिची किंमत

ही दरी बुजवायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत म्हणजे झाळणे. मूळ धातूपेक्षा लवकर वितळणारा मिश्रधातू सांध्यावर ठेवायचा, टाकणखार लावायचा आणि ज्योत फुंकून अख्खा दागिना तापवायचा. चांदीची झाळ सातशे अंशांच्या आसपास वाहायला लागते. सांधा असतो मिलिमीटरभर, पण तापवावी लागते सबंध अंगठी, कारण चांदी उष्णता एका जागी ठेवून घेत नाही. उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत तिचा पहिला नंबर. स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपटींहून जास्त.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली तारेच्या ताकदीत. तार जाड सळईपासून ओढून काढतात, पोलादी पट्टीतल्या एकापेक्षा एक बारीक भोकांतून. दर भोकाला तिचा छेद पाचव्या हिश्शाने कमी होतो असं धरलं, तर तीन मिलिमीटरची सळई एक मिलिमीटरवर यायला दहा भोकं लागतात आणि लांबी नऊपट होते. या ओढाताणीत चांदी कडक होते. मऊ चांदीच्या दुपटीहून जास्त ताण ती सोसते. ज्योतीखाली ही सारी कमाई जाते. झाळलेली अंगठी लोण्यासारखी मऊ होते आणि एक मिलिमीटरची मऊ तार दहा किलोंच्या आसपासच्या वजनाला तुटते.

दुसरी किंमत कारागिराच्या फुप्फुसांनी मोजली. सोन्याच्या दुकानांवर एके काळी ‘केडीएम’ची पाटी मिरवायची. केडीएम म्हणजे ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियमची झाळ. या झाळेने शुद्धता राखता येई, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं, तर सोनं वितळतं १,०६४ अंशांना. म्हणजे सोन्याचा सांधा जुळण्याइतका ताप होईपर्यंत कॅडमियमची वाफ झालेली असते आणि ती वाफ जाते फुंकणीमागच्या माणसाच्या छातीत. भारतीय मानक ब्युरोने केडीएम बंद केलं ते याच पायी.

हजारपट वेळ, बत्तीसपट अंतर

आता मामांच्या वाक्याकडे वळू.

धातूत उष्णता पसरते तिचा नियम मोठा गमतीचा आहे. ती गाडीसारखी सरळ धावत नाही, जत्रेतल्या गर्दीसारखी धक्के खात सरकते. म्हणून दुप्पट अंतर जायला तिला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. तिप्पट अंतराला नऊपट. उलट बाजूने वाचलं, तर वेळ हजारपट कापला की अंतर कापलं जातं बत्तीसपट.

सांध्यापासून अंगठीच्या अगदी समोरच्या बाजूपर्यंतचं अंतर २८ मिलिमीटर. चांदीत तेवढं अंतर पार करायला उष्णतेला साधारण पाच सेकंद लागतात. ज्योत सांध्यावर पाचेक सेकंद धरली, की कुठलाच भाग थंड राहत नाही.

मामांच्या यंत्रातली ठिणगी टिकते काही हजारांश सेकंद. आपण पाच धरू. पाच सेकंदांच्या जागी पाच हजारांश सेकंद, म्हणजे बरोबर हजारपट कमी. तेवढ्या वेळात उष्णता पोचते ती ०.९ मिलिमीटरपर्यंत. तारेच्या जाडीएवढीही नाही! उष्णतेला बाहेर पडायचं असतं, पण दार उघडायच्या आत खेळ संपलेला असतो.

पाच हजारांश सेकंद म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. डोळ्याची पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. तेवढ्यात अशा वीस ठिणग्या एकामागून एक उडून जातील. हलगीवाला अगदी रंगात येऊन सेकंदाला दहा ठोके देऊ लागला, तरी त्याच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत वीस अंगठ्यांचे सांधे वितळून थिजतील. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. ठिणगीचं आयुष्य त्यातल्या एका आवर्तनाच्या पाव हिश्शाएवढं. म्हणूनच भिंगाच्या आतली काच आधी काळी होते आणि मगच यंत्र ठिणगी सोडतं. पापणीच्या भरवशावर राहिलं, तर डोळा कायमच उशिरा मिटेल.

गुळाचा रवा आणि राधानगरीचे दरवाजे

एक मिलिमीटर लांबीची, एक मिलिमीटर जाडीची चांदी वितळवायला ऊर्जा किती लागते? त्या तुकड्याचं वजन आठ मिलिग्रॅम. त्याला तीस अंशांवरून ९६२ पर्यंत न्यायचं आणि वर वितळवायचं. सगळं मिळून तीन जूलच्या आत. एक किलोचा गुळाचा रवा जमिनीवरून एक फूट उचला, तुमच्या हाताने तीन जूल खर्च केले.

सगळी ऊर्जा सांध्यात जात नाही. काही प्रकाशात, काही वायूत, काही तारेत निघून जाते. म्हणून यंत्र दहा जूलवर लावलंय असं धरू. कपभर, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी उकळायला २९ हजार जूल लागतात. एका कप चहाच्या आधणात २,९०० ठिणग्या! विजेच्या एका युनिटमध्ये ३६ लाख जूल असतात, म्हणजे तीन लाख साठ हजार ठिणग्या. यंत्राची स्वतःची उधळपट्टी यात धरलेली नाही, पण ती धरूनही बिल पाहून कुणी हबकणार नाही.

मग एवढ्याशा ऊर्जेने चांदी वितळते कशी? इथे कोल्हापूरकराला राधानगरी आठवावी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाऊस थेंबाथेंबाने साचतो. पातळी गाठली की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी भोगावतीत झेपावतं. पाणी तेच, सुटण्याची घाई वेगळी. यंत्राच्या पोटात धरणाचं काम कपॅसिटर करतो. एलईडी दिव्याला लागते तेवढी दहा वॉटची वीज तो सेकंदभर साठवतो आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागात सोडून देतो. दहा वॉटचे दोन हजार वॉट होतात. बाथरूममधल्या गिझरची सगळी ताकद सुईच्या टोकाएवढ्या जागेवर येऊन पडते.

मग बोटाला काय लागतं? वितळलेल्या मिलिमीटरभर चांदीतली तीन जूल उष्णता नंतर निवांतपणे सगळ्या अंगठीत वाटली जाते. वाटून झाल्यावर तापमान वाढतं सव्वीस अंशांनी. तीस अंशांची अंगठी छप्पन अंशांवर जाते, आणि बोटं व हवा तिला लगेच निववतात. गरम कप हातात घ्यावा तसं. मात्र सातआठ ठिणग्या लागोपाठ मारल्या तर बेरीज होत जाते आणि मग खरंच चटका बसतो. मामा दर ठिणगीनंतर अंगठीवर हळूच फुंकर मारत होते, ती याच्यासाठी. ज्योतीने हाच सांधा झाळायचा तर अंगठीत निदान ८० जूल उतरवावे लागतात, आणि ज्योतीची बाकीची सगळी उष्णता माडीच्या छपराला.

आळशी वायू, कडक सुई

सुई टंगस्टनची. तो ३,४२२ अंशांपर्यंत वितळत नाही. सगळ्या धातूंत हा उच्चांक. ठिणगीच्या आतलं तापमान मात्र सूर्याच्या साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागालाही मागे टाकतं. सुई तगते ती तिलाही तापायला वेळ मिळत नाही म्हणून. तरी वितळलेल्या चांदीचा एखादा कण टोकाला चिकटतो, ठिणगी भरकटायला लागते आणि सुईला पुन्हा धार लावावी लागते.

सांध्यावर हवा येऊ नये म्हणून सुईभोवतीच्या नळीतून ऑरगॉन वायू सुटतो. हा वायू रॅले आणि रॅम्झी यांनी १८९४ साली शोधला आणि कशाशीच संयोग पावत नाही म्हणून त्याला ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून नाव दिलं. तो काही परदेशी पाहुणा नाही. हवेत तो ०.९३ टक्के आहे. आपण घेतलेल्या अर्ध्या लिटरच्या प्रत्येक श्वासात साडेचार मिलिलिटर ऑरगॉन आत जाऊन जसाच्या तसा बाहेर येतो. मिनिटाला चार लिटर या वेगाने एका ठिणगीसाठी सेकंदभर वायू सोडला, तर खर्च होतो ६७ मिलिलिटर, म्हणजे आपल्या चौदा श्वासांतला. सात घनमीटरचं एक सिलिंडर एक लाख ठिणग्यांना पुरतं.

याच कामाचा महागडा भाऊ म्हणजे लेझर मशीन. त्यातल्या निओडिमियम-याग स्फटिकाचा लेझर अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये निघाला. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर आणि सोनं वितळतं १,०६४ अंश सेल्सिअसला. दोन्ही आकडे जुळतात तो निव्वळ योगायोग, पण सोनाराच्या देव्हाऱ्यात ठेवावा असा. चांदीपुढे मात्र हा लेझर जरा हतबल होतो, कारण त्याच्या प्रकाशातले शंभरातले ९५हून जास्त भाग चांदी आरशासारखे परतवून लावते. त्यावरचा कारागिरांचा उपाय दहा रुपयांचा आहे: सांध्यावर काळ्या मार्कर पेनचा ठिपका. काळा रंग प्रकाश गिळतो आणि काम होतं.

टनाचं गाव, मिलिग्रॅमचं गाव

या शहरात धातू वितळवणं ही काही नवलाई नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास ओतला जातो, टनांच्या हिशेबाने. एक टन लोखंड आणि मामांची आठ मिलिग्रॅम चांदी यांच्या वजनात बारा कोटीपट फरक आहे. एकाच तालुक्याच्या आसपास, एकाच दुपारी, एकाच तत्त्वावर दोन्ही कामं चालू असतात.

आणि ठिणग्या मोजायच्याच असतील तर हुपरीला जावं. कोल्हापूरपासून तासाभराच्या आत असलेली ही चांदीची नगरी पैंजणांसाठी देशभर ओळखली जाते. अर्धा मिलिमीटर तारेची, दोन मिलिमीटर व्यासाची एक कडी घेतली तर तिचं वजन भरतं १३ मिलिग्रॅम. म्हणजे दहा ग्रॅमच्या साखळीत साडेसातशेहून जास्त कड्या आणि तितकेच सांधे. किलोभर साखळीत ७७ हजार. साध्या दहा ग्रॅमच्या साखळीचे सगळे सांधे एकेका ठिणगीने जोडले, तर ऊर्जा लागेल पाव कप चहाच्या आधणाएवढी. पण त्यातला एक सांधा कच्चा राहिला, तर पैंजण रस्त्यात गळून पडणार तिथूनच.

मिलिमीटरचा दहावा भाग

म्हणून शेवटचा हिशेब कच्च्या सांध्याचा. ठिणगीची उष्णता आत जात नाही हा जसा गुण, तसाच तो दोषही. एक मिलिमीटरच्या तारेभोवती ठिणग्या मारत गेलं आणि वितळ फक्त ०.१ मिलिमीटर खोल गेली, तर बाहेरून सांधा अखंड दिसतो, पण छेदाचा जुळलेला भाग असतो ३६ टक्के. खोली ०.२ झाली की ६४ टक्के. ०.३ झाली की ८४. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकाने नापास अंगठी पहिल्या वर्गात जाते. हा फरक ना गिऱ्हाइकाला दिसतो ना भिंगाला.

मामांनी तो बघितला त्यांच्या पद्धतीने. अंगठी दांड्यावर चढवली, लाकडी हातोडीने चार ठोके देत एक माप पुढे सरकवली आणि सांधा उघडतो का ते पाहिलं. उघडला नाही. मग कानस, मग पॉलिश. सातआठ ठिणग्यांचा सगळा वेळ मिळून सेकंदाचा पंचविसावा भाग. बाकी काम अर्ध्या तासाचं. यंत्राने वेळ वाचवला तो चांदीचा, माणसाचा नाही.

याचा उपयोग तुमच्या-माझ्या घरात आहे. कोल्हापुरी साजात २१ पानं असतात आणि त्यांच्यामध्ये पत्र्याचे जाव मणी, आत लाख भरलेले. लाख ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडते. ज्योतीची सातशे अंशांची झाळ शेजारच्या कडीला दिली, तर मण्यांतली लाख उतू जाणार, मोती काळवंडणार, पाचूला तडा जाणार. आजीचा साज तुटल्यावर तो सबंध उसवायचा किंवा मोडीत घालायचा, एवढेच मार्ग असत. मिलिमीटरभर जागेत अडकून राहणारी उष्णता तिसरा मार्ग देते.

तेव्हा पुढच्या खेपेला जुना दागिना सांधायला टाकाल, तेव्हा घडणावळ विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: झाळणार की ठिणगीने किंवा लेझरने जोडणार, आणि जोडल्यावर दांड्यावर चढवून दाखवणार का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्र देतं. दुसऱ्याचं उत्तर जो न कचरता देईल, दागिना त्याच्याच हातात द्या.